सेमिनारमध्ये पेपर सादर करताना: तुमचे अनुभव लिहा

रानजाई

धाकट्या बहिणीचा काल रात्री मेसेज: "ताई, सेमिनारला राफ्टचा पेपर आलाय माझ्या वाट्याला. पाऊण तास बोलू काय?" (राफ्ट म्हणजे अनेक सर्व्हरनी एकाच निर्णयावर एकमत कसं करायचं ते सांगणारा अल्गोरिदम.) उत्तर लिहायला घेतलं आणि एम.टेक.चे ते सगळे सेमिनार आठवत गेले. उत्तर लांबतच गेलं. म्हटलं इथेही लिहावं, तुम्हा सगळ्यांचं वाचायला तिलाही आवडेल आणि मलाही.

माझा पहिला पेपर संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांचा १९७८चा, घड्याळं आणि घटनांच्या क्रमाबद्दलचा. स्लाइड केल्याच नाहीत. फळ्यावर तीन उभ्या रेघा, म्हणजे तीन प्रोसेस (स्वतंत्र चालणारे प्रोग्रॅम). मूळ आकृतीत काळ खालून वर जातो, तेही तसंच ठेवलं. रेघांमध्ये तिरपे बाण, म्हणजे मेसेज. नियम सांगितला: प्रत्येक घटनेला आपला आकडा एकाने वाढवायचा, मेसेज आला की आपला आणि मेसेजमधला यांतला मोठा आकडा घ्यायचा आणि त्यात एक मिळवायचा. मग खडू समोरच्या मुलाच्या हातात दिला. आकडे वर्गानेच भरले. भरता भरता मागून प्रश्न आला, "ह्या घटनेचा आकडा त्या घटनेपेक्षा लहान आहे. म्हणजे ही आधी घडली असं धरायचं का?" धरता येत नाही! एकीमुळे दुसरी घडली असेल तर पहिलीचा आकडा लहान असणारच, पण नुसत्या आकड्यांवरून उलट अनुमान काढता येत नाही. तिथून चर्चा व्हेक्टर क्लॉककडे (प्रत्येक प्रोसेसचा वेगळा आकडा ठेवणारं घड्याळ) गेली आणि वेळ संपल्यावरही कोणी उठेना. अजून आठवलं की बरं वाटतं.

बहिणीला लिहिलं ते असं. सगळा पेपर सांगू नकोस, तो सगळ्यांनी वाचलेला असतो (असायला हवा). पाच सर्व्हर काढ. लीडर (बाकीच्यांना नोंदी पाठवणारा सर्व्हर) बंद पाड. उरलेल्या चौघांपैकी एकाला तीन मतं कशी मिळतात ते दाखव, त्यात त्याचं स्वतःचंही मत आलं. मग विचार, दोघे एकदम उभे राहिले आणि मतं फुटली तर? म्हणून प्रत्येकाचा टाइमआउट (लीडरची वाट बघण्याची मुदत) रँडम, पेपरात उदाहरणादाखल १५० ते ३०० मिलिसेकंद दिलाय. एवढं सगळ्यांना पटकन कळतं. खरी गोम आकृती ८ मध्ये आहे. जुन्या टर्ममधली (आधीच्या निवडणुकीनंतरच्या काळातली) नोंद बहुसंख्य सर्व्हरवर पोचली तरी नवा लीडर ती नुसती प्रती मोजून कमिट (पक्की) का करू शकत नाही? निम्मा वेळ तिथे दे. वाचताना सगळे तिथेच अडकलेले असतात.

शून्य_बाकी

आकृती ८!!! आमच्याकडे त्या एका आकृतीवर दोन गट पडले होते. एक म्हणे बहुमत झालं की झालं. मग एकीने क्रमाने सगळं फळ्यावर चालवून दाखवलं, कमिट वाटलेली नोंद पुढचा लीडर पुसून टाकतो ते. सगळे गप्प. ती आता कुठे आहे काय माहीत, पण मी कन्सेन्सस (सर्व्हरचं एकमत) शिकलो तो तिच्यामुळे.

पायवाट

नवीन मुलांना मी नेहमी श्रीनिवासन केशव यांचा पेपर कसा वाचावा हा २००७चा छोटासा लेख द्यायला सांगते. तीन फेऱ्यांत वाचायचं. पहिली ५ ते १० मिनिटांची: शीर्षक, सारांश, प्रस्तावना, मथळे, निष्कर्ष. दुसरी साधारण तासभर: आकृत्या, आलेख नीट बघायचे, सिद्धता सोडून द्यायच्या. तिसऱ्या फेरीत तोच पेपर आपण लिहायला बसलोय असं समजून मनात पुन्हा उभा करायचा. नवख्याला याला चार-पाच तास लागतात असं त्यांनीच म्हटलंय.

माझं मत, सादर करणाऱ्याने तिसरी फेरी केलीच पाहिजे. दुसऱ्या फेरीवर उभं राहिलं की वर्गाला लगेच कळतं, कारण "त्यांनी हे असं का केलं?" ह्याला उत्तर नसतं. काय केलं ते पेपरात लिहिलेलं असतं. का केलं आणि दुसरं काय करता आलं असतं हे बऱ्याचदा ओळींच्या मध्ये असतं, ते तिसऱ्या फेरीतच हाती लागतं.

बसमध्ये आहे, उरलेलं नंतर.

मुक्ता_वाचते

रानजाई, बहिणीला खूप शुभेच्छा! फक्त एवढं सांग, पहिली दोन वाक्यं पाठ कर. बाकी काही पाठ करू नको. सुरुवात घशातून बाहेर पडली की पुढचं येतं. बाळ उठलं, पळते.

निशाचर

आमच्या सरांची एक सवय होती. आलेख पडद्यावर आला की ते हात वर करायचे आणि सादर करणाऱ्याला म्हणायचे, "आधी अक्ष." आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय, उभा शून्यापासून सुरू होतो का, स्केल लॉग आहे का, वर जाणं चांगलं की खाली येणं चांगलं. हे सगळं झाल्याशिवाय "आमची पद्धत निळ्या रेघेत आहे" हे वाक्य ऐकून घ्यायचे नाहीत. सुरुवातीला कंटाळा यायचा सगळ्यांना. सत्राच्या शेवटी आम्ही सगळे तसेच वाचू लागलो, आजही मी दुसरं कसं वाचू शकत नाही.

त्यांनीच मला २००९चा अ‍ॅस्प्लॉस परिषदेतला मापनाच्या गडबडीवरचा पेपर दिला, मिटकोविच, दिवाण, हाउसविर्थ आणि स्वीनी यांचा. काय सुंदर पेपर आहे! प्रोग्रॅम तोच, मशीन तेच. फक्त युनिक्सचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंग्ज) कमीजास्त जागा घेतात, किंवा फाइली लिंक करण्याचा क्रम बदलतो, आणि तेवढ्याने वेग बदलतो. इतका, की कंपायलरचं ऑप्टिमायझेशन फायद्याचं की तोट्याचं हा निकालच उलटा होऊ शकतो. कारण त्या बदलाने स्टॅक आणि कोड मेमरीत वेगळ्या पत्त्यावर जाऊन बसतात. लेखकांनी मोठ्या परिषदांतले १३३ पेपर तपासले, या पूर्वग्रहाची पुरेशी काळजी घेतलेला एकही सापडला नाही.

मी सादर करताना आदल्या रात्री लॅबमधल्या मशीनवर एक छोटा लूप एन्व्हायर्नमेंटची लांबी बदलत पळवला आणि ते वेळेचे आकडे तसेच पडद्यावर ठेवले. खाली-वर होत होते. वर्गात कुजबुज सुरू झाली, कारण निम्म्या जणांचं स्वतःचं प्रोजेक्ट "आम्ही ४ टक्के वेगवान" अशाच वाक्यावर उभं होतं. त्या आठवड्यात लॅबमध्ये सगळेजण आपापली मापनं पुन्हा करत होते. पेपर सादर करून याहून जास्त काय मिळवायचं असतं?

चकवा

@निशाचर हा पेपर सगळ्यांना सक्तीचा करायला हवा. आणि त्याच्याबरोबर फ्लेमिंग-वॉलेस यांचा १९८६चा पेपर. बेसलाइनने भागून काढलेल्या गुणोत्तरांची साधी सरासरी काढू नका, भूमितीय काढा, एवढंच सांगणारा. अजून लोक साधी काढतात.

निशाचर

हो हो, तोही.

दूरचा_तारा

जरा वेगळा मुद्दा. आमच्या वर्गात एकाला लाल-हिरवा रंग वेगळा दिसायचा नाही. आम्हाला पहिलं सत्र संपेपर्यंत माहीत नव्हतं. तो बिचारा प्रत्येक आलेखात शेजाऱ्याला विचारत बसायचा. कळल्यावर मॅडमनी नियम केला, प्रत्येक रेघ रंगाशिवायही ओळखू आली पाहिजे, एक सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची, आणि नाव रेघेच्या टोकाशीच. सगळ्यांनाच वाचायला सोपं गेलं. मूळ पेपरातला आलेख कापून चिकटवण्यापेक्षा पुन्हा काढलेला बरा, त्या निमित्ताने आकडेही नीट बघितले जातात.

मुक्ता_वाचते

आणि अक्षर मोठं प्लीज! आठ कॉलमचं कोष्टक जसंच्या तसं पडद्यावर टाकतात. त्यातल्या दोन संख्यांबद्दल बोलायचं असतं ना, मग दोनच दाखवा.

(झोपलं परत.)

चकवा

कितव्या महिन्यात आहे बाळ?

मुक्ता_वाचते

सातव्या. रांगायला लागलंय, लॅपटॉपची वायर हा सध्याचा आवडता विषय 😄

चकवा

संशोधनाची सुरुवात अशीच होते 😄

शून्य_बाकी

पॅक्सॉसचा (राफ्टच्या आधीचा, तसाच एकमताचा अल्गोरिदम) विषय निघाला नाही अजून? राफ्ट म्हणजे तो येणारच. लॅम्पोर्टनी पॅक्सॉसचा मूळ पेपर १९९०मध्ये पाठवला, छापून आला १९९८ला. एका काल्पनिक ग्रीक बेटावरच्या संसदेची गोष्ट म्हणून लिहिलेला. ते तर व्याख्यानं देताना पुरातत्त्वज्ञाचा वेश करून यायचे, हॅटबिट घालून. लोकांना वेश लक्षात राहिला, अल्गोरिदम नाही. मग २००१मध्ये त्यांनी तोच साध्या भाषेत पुन्हा लिहिला.

मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे, म्हणूनच हे उदाहरण देतो. इतक्या मोठ्या माणसाच्या बाबतीतही गोष्ट अल्गोरिदमच्या पुढे गेली. सेमिनारमध्ये मजेशीर कथा घालणाऱ्यांनी कथा कुठे सोडायची ते आधी ठरवावं.

रानजाई

हे भारी आहे! आणि राफ्टवाल्यांनी (ओंगारो आणि औस्टरहाउट, २०१४) सोपेपणा मोजायचाच प्रयत्न केला. ४३ विद्यार्थ्यांना दोन्हींचे व्हिडिओ दाखवून प्रश्न विचारले, ३३ जणांना राफ्टमध्ये जास्त गुण. बहिणीला म्हटलंय, ह्या प्रयोगावर वर्गाला बोलतं कर. व्हिडिओ राफ्टच्याच लेखकांनी केलेले, म्हणजे कल असू शकतो. पण त्यांनी हेही सांगितलंय की पॅक्सॉसचा व्हिडिओ १४ टक्के मोठा होता आणि ४३ पैकी १५ जणांना पॅक्सॉसची आधीच थोडी ओळख होती. दोन्ही बाजू मांडता येतात, चर्चेला चांगला मुद्दा आहे.

पायवाट

घरी पोचले. उरलेलं लिहिते.

कॉर्डचा पेपर आठवतोय का? २००१चा, वर्तुळावर नोड (संगणक) बसवून कुठली 'की' (डेटाची ओळख) कोणाकडे ते शोधणारा. आमच्या सेमिनारला तो दरवर्षी असायचा. सादर करणारे 'एन नोड असले तरी लॉग एन टप्प्यांत शोध संपतो' इथपर्यंत येऊन थांबायचे, कारण ते देखणं आहे. एका वर्षी एका मुलीने निम्मा वेळ नोड येतात-जातात त्या भागाला दिला. "दोन नोड एकदम गेले, तिसरा त्याच क्षणी आला, आता वर्तुळ वर्तुळच राहील हे कशावरून?" प्रस्तावनेतच सिद्ध करता येण्याजोग्या अचूकतेचा दावा आहे, म्हणून बाकीचे तिला म्हणत होते, अगं आहे सिद्ध केलेलं, पुढे चल. मॅडम म्हणाल्या, थांबू दे तिला.

पुढे २०१२मध्ये पामेला झेव्ह यांनी अ‍ॅलॉय हे मॉडेल तपासायचं साधन वापरून लहान मॉडेल केलं आणि दाखवलं की नोड येण्या-जाण्याचा तो प्रोटोकॉल छापला होता त्या रूपात बरोबर नाही. तो लेख वाचला तेव्हा मला पहिल्यांदा तीच मुलगी आठवली. तिच्याकडे सिद्धता नव्हती, पण बोट नेमकं तिथेच होतं. नावाजलेला पेपर आहे म्हणून शंका गिळायची नाही, हे मी तिच्याकडून घेतलं. आणि मॅडमकडून हे, की सादर करणाऱ्याला शंकेपाशी थांबू द्यायचं.

दूरचा_तारा

🙏 अशा मॅडम सगळ्यांना मिळोत.

आम्हाला उलटे लोक भेटले. एका सेमिनारमध्ये एक ज्येष्ठ संशोधक दुसऱ्याच स्लाइडवर "हे सगळं जुनं आहे" म्हणाले आणि मुलगा पुढे बोलूच शकला नाही. पेपर जुना असेलही. पण कुठल्या जुन्या कामात काय होतं ते सांगितलं असतं तर आम्ही सगळे शिकलो असतो. नुसतं "जुनं आहे" ह्यातून कोणाला काही मिळत नाही.

मुक्ता_वाचते

अरेरे. वाचूनच पोटात कालवलं.

पायवाट

@दूरचा_तारा त्या मुलाचं पुढे काय झालं?

दूरचा_तारा

नंतर आम्ही पाच-सहा जण रिकाम्या खोलीत बसलो, त्याने पूर्ण पेपर आम्हाला सांगितला. फार छान सांगितला. आता तो स्वतः शिकवतो.

निशाचर

भूमिका वाटून घेऊन सेमिनार केलाय का कोणी? अ‍ॅलेक जेकबसन आणि कॉलिन रॅफेल यांनी मांडलेली पद्धत. एकच पेपर, पण एक जण रिव्ह्यूअर, एक पुरातत्त्वज्ञ (हा आधीच्या कुठल्या कामावर उभा आहे आणि नंतर कोणी वापरला ते शोधणारा), एक हॅकर जो पेपरातला छोटासा भाग चालवून बघतो, एक पुढचं संशोधन सुचवणारा. आम्ही २०१७च्या ट्रान्सफॉर्मरच्या (आजच्या भाषा-मॉडेलांचा पाया) पेपरवर केलं. हॅकरने अटेन्शनचं (कुठल्या शब्दाने कुठल्या शब्दाकडे किती लक्ष द्यायचं त्याचं) गणित दोन-तीन शब्दांच्या वाक्यावर हाताने करून दाखवलं, आणि गुणाकार करून आलेल्या संख्येला मितीच्या वर्गमुळाने का भागतात हे तिथे उलगडलं. मिती वाढली की गुणाकार फार मोठे होतात, मग सॉफ्टमॅक्स (संख्यांची वजनं करणारं सूत्र) जवळजवळ सगळं वजन एकालाच देऊन टाकतो आणि ग्रेडियंट (मॉडेल ज्यावरून शिकतं तो उतार) अगदी बारीक होतो. वाचताना ती ओळ सगळ्यांनी ओलांडली होती.

शून्य_बाकी

पुन्हा पुरातत्त्वज्ञ! लॅम्पोर्ट पाठ सोडत नाहीत 😀

अर्धविराम

उशिरा आलोय, धागा पूर्ण वाचला नाही अजून. एक प्रश्न. पेपर निव्वळ सिद्धतेचा असेल तर काय करायचं? आलेख नाही, सिस्टिम नाही. मला एफएलपी (फिशर, लिंच, पॅटरसन) मिळालाय, १९८५चा. लेमामागून लेमा (सिद्धतेतली छोटी सहायक विधानं). वर्ग झोपेल.

चकवा

झोपणार नाही. निकालच जबरदस्त आहे: मेसेजला किती वेळ लागेल याची हमी नाही, एक प्रोसेस बंद पडू शकते, एवढ्यावर दर वेळी नक्की संपेल असा डिटर्मिनिस्टिक (नशिबावर काही न सोडणारा) कन्सेन्सस अशक्य. आधी दोन मिनिटं वर्गालाच अल्गोरिदम सुचवू दे आणि प्रत्येक सूचना एका उशीर झालेल्या मेसेजने मोड. मग लोक सिद्धता मागतील.

आणि दुसरा लेमा फळ्यावर कर, तो चित्रातच होतो. सगळ्या प्रोसेसचं इनपुट ० अशी सुरुवात डावीकडे, सगळ्यांचं १ अशी उजवीकडे. मध्ये एकेकाचं इनपुट बदलत जा. डाव्या टोकाचा निकाल ०, उजव्याचा १. समज प्रत्येक सुरुवातीचा निकाल आधीच ठरलेला आहे. तर कुठेतरी शेजारच्या दोन सुरुवाती अशा येणारच की एकीचा ० आणि दुसरीचा १, आणि फरक फक्त एका प्रोसेसच्या इनपुटचा. आता तीच प्रोसेस सुरुवातीपासून बंद ठेव. बाकीच्यांना दोन्ही सुरुवाती सारख्याच दिसतात, मग निकाल वेगळे कसे येतील? म्हणजे निकाल न ठरलेली सुरुवात असतेच.

अर्धविराम

अरे हे तर पाच मिनिटांत होतंय! पेपरात वाचताना दोनदा परत मागे गेलो होतो. आणि तिसरा लेमा?

चकवा

त्यात केस पाडाव्या लागतात, फोनवर टाइप होणार नाही. दोन मेसेज वेगवेगळ्या प्रोसेसकडे जात असतील तर क्रम बदलून काही फरक पडत नाही, इथून सुरू कर. दोन्ही एकाच प्रोसेसकडे जातात ती केस अवघड, तिथे पुन्हा तीच प्रोसेस बंद ठेवायची. रात्री सविस्तर लिहितो.

रानजाई

लिहा लिहा, मीही थांबलेय.