तीन मितींतल्या गुरुत्वाकर्षणात वक्रतेचे वर्ग घातले की जादा स्केलर (स्पिन-० क्षेत्र) का येतो?

टेन्सरवाला: एन=१ सुपरग्रॅव्हिटी (एक सुपरसिमेट्री असलेलं गुरुत्वाकर्षण), ऑफ-शेल (गतीची समीकरणं न वापरता सुपरसिमेट्रिक): ड्रायबाइन (मेट्रिकचं जणू वर्गमूळ), ग्रॅव्हिटिनो (ग्रॅव्हिटॉनचा सुपरसिमेट्रिक जोडीदार), सहायक (स्वतः न हलणारा) स्केलर एस. रिची² आणि आर² (रिची हा वक्रतेचा टेन्सर, आर ही त्यातून येणारी स्केलर वक्रता) यांचे सुपरसिमेट्रिक गट स्वतंत्र सहगुणकांनी घेतले. जड स्पिन-२ मिळाला, पण सोबत एक स्केलर आला आणि एसही हलायला लागला. एस आधीच काढून टाकला तर?

शून्यमिती: काढणार कसा? आर² गट म्हणजे आर² + १६ एस□एस + १२ एस²आर + ३६ एस⁴ (□ हा तरंग-समीकरणातला दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचा ऑपरेटर). एसला गतिज पद आलं की त्याचं समीकरण बीजगणितीय राहत नाही. त्यापेक्षा सहगुणक बांधून घ्या: रिची² − (३/८)आर². बर्गशोफ, होम आणि टाउनसेंड यांच्या २००९ च्या न्यू मॅसिव्ह ग्रॅव्हिटीतलंच (सुपरसिमेट्री नसलेल्या, जड स्पिन-२ च्या त्रिमितीय सिद्धांतातलंच) प्रमाण.

जादा स्केलर जातो याचा पडताळा दोन ओळींचा आहे. मेट्रिक (१+२फाय) गुणिले सपाट मेट्रिक घ्या; फाय हे लहान स्केलर क्षेत्र. रेषीय पातळीवर आर = −४□फाय, रिची = −∂∂फाय − (सपाट मेट्रिक)□फाय. खंडशः समाकलन करून रिची² = (१+२+३)(□फाय)², आर² = १६(□फाय)². आता ६ − (३/८)×१६ = ०. त्याच प्रमाणात एसचं गतिज पदही जातं. उरतं ते − ½ एस²आर − (३/२)एस⁴. हे विसरू नका, लोक हमखास गाळतात.

रिकामा टेन्सर: आइन्स्टाइन पदाचं (आर च्या पहिल्या घाताच्या पदाचं) चिन्ह सिग्मा = −१ ठेवलंत ना? सपाट अवकाशात +१ ठेवलं तर स्पिन-२ घोस्ट (ऋण ऊर्जेचं क्षेत्र) होतो. तीन मितींत आइन्स्टाइन पदाला स्वतःचं प्रसरणारं काही नसतं, म्हणून उलटं चिन्ह खपून जातं.

टेन्सरवाला: चिन्हच चुकलं होतं! आता एडीएसमध्ये (एकसमान ऋण वक्रतेच्या अवकाशात) एम·एस (एम हा स्थिरांक) हे पद घातलं, तर वर्गांच्या गटामुळे त्रिज्या एल बदलेल का?

शून्यमिती: नाही. वर्गांच्या गटातून एसचं समीकरण −एस(आर+६एस²) देतं, आणि सुपरसिमेट्रिक एडीएसवर आर = −६/एल², एस² = १/एल², म्हणजे शून्य. आइन्स्टाइन भाग सिग्मा(आर−२एस²) असल्यानं एस = एम/(४ सिग्मा), संपलं. गटाची किंमतही एडीएसवर −१.५ + ३ − १.५ = ० येते (१/एल⁴ च्या पटीत). येत नसेल तर कुठेतरी चिन्ह घसरलंय.

रिकामा टेन्सर: सेंट्रल चार्ज (एडीएसच्या सीमेवरच्या सिद्धांताचा आकडा, तो धन हवा) मात्र न्यू मॅसिव्ह ग्रॅव्हिटीतून जसाच्या तसा उचलू नका. तिथे तो सिग्मा + १/(२ वस्तुमान² एल²) च्या पटीत असतो (१/वस्तुमान² हा वर्गांच्या गटाचा सहगुणक). इथे एस²आर पद तेवढंच वजा करतं आणि उरतो फक्त सिग्मा. म्हणजे सिग्मा = −१ धरला तर सेंट्रल चार्ज ऋणच, आणि अवकाशाच्या आतला घोस्ट घालवण्यासाठी तो −१ लागतोच. हे भांडण सुपरसिमेट्रीनंही मिटत नाही.