मदत हवी आहे: ‘धुमसणे’ या क्रियापदाची नेमकी व्याप्ती

अग्निसुरक्षेवरील मराठी पुस्तिका लिहिताना ‘धुमसणे’ या शब्दाविषयी मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. कापूस, लाकडाचा भुसा किंवा कोळसा यांच्या ढिगात ज्वाला न उठता आतल्या आत जी मंद आग पसरत जाते, जिच्यात प्राणवायूचा थेट घन पदार्थाच्या पृष्ठभागाशी संयोग होतो आणि अपुऱ्या ज्वलनामुळे विषारी कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो, तिच्यासाठी मला हेच क्रियापद सर्वांत योग्य वाटते. ‘धगधगणे’ म्हटले की प्रखर आच डोळ्यांपुढे येते, तर ‘रसरसणे’ उघड्या, लाल निखाऱ्यालाच शोभते.

अडचण अशी, की ‘धुमसणे’ या शब्दात धूर गृहीत आहे का? ढिगाच्या गाभ्यातील अशी आग कित्येक तास बाहेर धूर न दाखवताही चालू राहू शकते, आणि धूर नाही म्हणजे धोका नाही असे वाचकाने समजणे घातक ठरेल. शिवाय राग आणि असंतोष यांच्या संदर्भात हा शब्द इतका रुळला आहे (तो वापर समर्पकच आहे), की तांत्रिक मजकुरात तो आलंकारिक तर वाटणार नाही ना?

शीर्षकासाठी ‘धुमसते ज्वलन’ योग्य, की ‘ज्वालाहीन ज्वलन’? एखाद्या बोलीत याहून नेमका शब्द असल्यास तो वाक्यातील उपयोगासह कृपया कळवावा.