मदत हवी आहे: काड्यांनी जमतं, वहीत चुकतं (दुसरी, हातच्याची वजाबाकी)

खराट्याच्या बोटभर काड्या, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधलेले, सुट्ट्या वेगळ्या. ४३ मधून १७ काढायला मुलं एक गठ्ठा सोडतात, ३ गठ्ठे आणि १३ सुट्ट्या करतात, उत्तर २६. अगदी बरोबर. तीच मुलं वहीत ३४ लिहितात, कारण एककाच्या घरात ३ आणि ७ दिसले की मोठ्यातून लहान वजा करून मोकळी होतात. गठ्ठा सोडणं आणि ४ खोडून ३ लिहिणं ही एकच कृती आहे, हे त्यांना जाणवत नाही.

दशकाच्या चिकटवलेल्या पट्ट्या मुद्दाम टाळल्या आहेत. त्या सुटत नाहीत, नुसत्या बदलून घ्याव्या लागतात, आणि या टप्प्यावर रबर काढून दहा काड्या हाताने मोजणं मला फार मोलाचं वाटतं.

मधली पायरी कोणती घ्यावी? दशकाला उभी रेघ, एककाला ठिपका असं चित्र काढून घ्यायचं, की जोडी करून एकाने काड्या हलवायच्या आणि दुसऱ्याने प्रत्येक हालचाल लगेच लिहायची? ४०−१८ सारखी शून्याची उदाहरणं आधी घेतल्याने कुणाला फरक दिसलाय का? तिथेही मुलं ० आणि ८ ची उलटी वजाबाकी करून एककाच्या घरात ८ लिहू शकतात, म्हणून शंका आहे.