वाइनरीत वाइन थुंकायची की ग्लास रिकामा करायचा?

धुळेकर
सुट्टीच्या दिवशी गंगापूर धरणाकडे एमएच १८, एमएच १९ च्या, म्हणजे धुळे-जळगावच्या गाड्या हमखास दिसतात. आपली माणसं नाशिकच्या वाइनरीत जायला लागली, याचा मला आनंद आहे. पण पहिल्यांदा जाणारे चाखायला दिलेला प्रत्येक ग्लास एका दमात संपवतात आणि तिसऱ्या वाइननंतर त्यांना चवीतला फरकच कळत नाही. टेबलावर एक भांडं असतं, ते थुंकायला आणि उरलेली वाइन ओतायलाच ठेवलेलं असतं. घोट तोंडात घोळवा, थुंका. यात कुणाचा अपमान नाही. वाइन बनवणारेही कामावर असंच चाखतात.

ग्लास दांडीला धरा. तळव्याची ऊब लागली की थंड दिलेली शेनिन ब्लाँसारखी व्हाइट वाइन लगेच कोमट होते आणि तिचा ताजेपणा जातो. आणि सेंट मारून जाऊ नका राव, शेजारच्यालाही मग वाइनचा वास येत नाही.

अमळनेरचा आबा
बाकी ठीक, थुंकणं मला पटत नाही. आपल्याकडे पाहुण्याने अर्धी बट्टी ताटात टाकली तरी घरच्या बाईचा जीव खालीवर होतो. द्राक्ष शेतकऱ्याचं आहे. अवकाळीतून, गारपिटीतून वाचवलेला माल आपण चूळ भरून टाकायचा? घोट केवढा असतो, साधारण ३० मिली. पाच वाइन चाखल्या तरी दीडशे मिली, म्हणजे एक ग्लास. तेवढ्याने काय होतं?

साक्रीची लेक
आबा, घरी बसून प्यायलात तर काही नाही. पण त्यानंतर चांदवड, राहूड घाट, मालेगाव करत धुळ्यापर्यंत गाडी कोण आणणार? कायद्यात १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच मर्यादा आहे. उपाशी पोटी, उन्हातून आलेल्या माणसाला ती ओलांडायला फार लागत नाही. शिवाय टेस्टिंग झाल्यावर बाहेर बसून बाटली मागवणारे मी पाहिलेत, आणि चावी त्यांच्याच खिशात.

चोपडेकर
माझा विरोध या सगळ्या सोपस्कारालाच आहे. ग्लास फिरवा, नाक घाला, दांडी धरा! अशा नियमांनी खेड्यातला माणूस आत जायलाच बिचकतो. माझ्या सोबतच्या एकाने "गोड कुठली?" विचारलं तर शेजारच्या टेबलावरचे हसले. आवडली तर आवडली म्हणावं, विषय संपला.

धुळेकर
चोपडेकर भाऊ, हसणाऱ्यांचंच वागणं वाईट. "गोड कुठली?" बिनधास्त विचारावं, लेट हार्वेस्ट म्हणून गोड वाइन मुद्दाम बनवतातच. पण ग्लास फिरवणं हा देखावा नाही. वाइन ग्लासच्या कडेला पसरते, वास वर येतो, आणि चवीचा मोठा भाग नाकानेच कळतो. आधी व्हाइट, मग रेड या क्रमालाही कारण आहे. रेड वाइन सालीसकट आंबवतात, सालीबियांतलं टॅनिन जीभ तुरट करतं. ती आधी घेतली की नंतरची हलकी व्हाइट पाण्यासारखी लागते. तसंच वाटेत ढाब्यावर शेवभाजी हाणून जाल तर तिखटाने पेटलेल्या जिभेला शिराझसारखी रेड वाइन आणखीच झोंबेल. शेवभाजी परतीला खा. आणि तोंडात तंबाखू असेल तर टेस्टिंगचे पैसे भरूच नका.

अमळनेरचा आबा
मग ओततानाच "थोडीच द्या" म्हटलं तर? म्हणजे टाकायची वेळच येणार नाही.

धुळेकर
उत्तम. अर्ध्या घोटातही चव कळते. फक्त वाइन ओतायच्या आधीच ग्लासावर हात आडवा धरून तसं सांगा.

अमळनेरचा आबा
मग मी तेच करणार. थुंकणार मात्र नाही, शेतकऱ्याच्या पोटी जन्मलोय.

साक्रीची लेक
चालेल आबा. पण स्टेअरिंगवर तुम्ही असाल तर तो अर्धा घोटही नको. चालवणाऱ्याने नुसता वास घ्यावा, नाहीतर सरळ मुक्काम करावा.