हिरवे टोमॅटो पिकवत कशाला बसताय

हिरवे टोमॅटो घरी कसे पिकवायचे असं इथे कोणीतरी विचारलंय, त्यावर सोबत केळं घालून पेपरात गुंडाळायचा सल्ला आलाय तो बरोबरच आहे, केळ्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो त्याने टोमॅटो पिकतात, पण जे आकाराने पूर्ण भरलेत आणि बुडाशी जरा फिकट झालेत तेच हां, बारके गडद हिरवे नुसते सुरकुतून जातात. त्यात इकडे गोव्यात मे महिन्यात दिवसा पारा ३० च्या वर, मग लाल रंग नीट धरत नाही, पिवळट केशरीच राहतात. फ्रीजमध्ये तर नकोच, पिकणंच थांबतं.

मी म्हणते हिरवेच खा ना! आमच्या फोंड्याकडे पावसाआधी वाफे मोकळे करतात तेव्हा टोपलीभर निघतात. फोडी करून मोहरी-हिंग-हिरव्या मिरचीची फोडणी, गुळाचा खडा आणि वरून ओला नारळ, हात आखडायचा नाही, पाणी अजिबात घालायचं नाही, झाली भाजी. सुंगटांच्या (कोळंबीच्या) हुमणात, म्हणजे नारळाच्या आमटीत, बिंबलं (आंबट फळं) मिळाली नाहीत तर हेच घालते, आंबटपणा मस्त येतो. चटणीसाठी डाग पडेपर्यंत तेलात परतायचे मग भाजलेले तीळ, लसूण, मिरचीबरोबर वाटायचे, थोडी भरडच बरी लागते.

कोणीतरी विषारी असतात का विचारलंय, तर टोमॅटिन नावाचं नैसर्गिक विषारी द्रव्य असतं त्यात पण भाजी-चटणीपुरतं खाल्लं तर काही होत नाही, झाडाचा पाला मात्र खाऊ नका. आणि लोणचं घालणार असाल तर फोडींना आधी मीठ लावून रात्रभर ठेवा, सुटलेलं पाणी काढा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी ठरलेलीच.