पहिला क्रमांक विकायचा की हार्ली रीडला घ्यायचं?

कॅनिंग व्हेलकर:
येत्या सोमवारी, 20 नोव्हेंबर 2023ला, एएफएलचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचा, ड्राफ्ट आहे (क्लब क्रमांकाने नवे खेळाडू निवडतात तो) आणि पहिली निवड आपल्या पर्थच्या वेस्ट कोस्ट ईगल्सची. ती कशामुळे मिळाली ते आठवलं की अजून पोटात कालवतं. अख्ख्या हंगामात तीन विजय, सिडनीत 171 गुणांनी हार, शेवटी तळाचा नंबर. तळाच्या क्लबला सगळ्यात आधी पोरगा निवडता येतो, तेवढंच पदरात पडलंय.

आता तेही देऊन टाका, असं काहीजण म्हणतायत. नॉर्थ मेलबर्नकडे दुसरा आणि तिसरा असे दोन्ही क्रमांक आहेत. पहिला त्यांना द्या, त्यांचे घ्या, एकाच्या जागी दोन पोरं येतील, असा हिशोब. कारण काय, तर पहिल्या क्रमांकावर ज्याला घ्यायचं तो हार्ली रीड व्हिक्टोरियाचा, म्हणजे दुसऱ्या राज्यातला, दोन-तीन वर्षांत घरी पळेल.

माझं म्हणणं: देऊ नका. रीडला घ्या. अंगावर आलेल्याला एका हाताने मागे सारून हा पुढे निघतो, आणि तोल जात नाही. बेंडिगो पायोनियर्स या व्हिक्टोरियातल्या तरुणांच्या ज्या संघातून रिचमंडचा डस्टिन मार्टिन आला, त्याच संघातला हा. अशी पोरं दरवर्षी येत नाहीत.

आणि पर्थमध्ये राहणाऱ्यांनी तरी 2001 विसरू नये. पर्थच्याच दुसऱ्या क्लबने, फ्रीमँटलने, पहिला क्रमांक, वर 20वा आणि 36वा मेलबर्नच्या हॉथॉर्नला दिला आणि ट्रेंट क्रोड, ल्यूक मॅकफार्लिन हे दोन तयार खेळाडू आणले. हॉथॉर्नने पहिल्यावर ल्यूक हॉज घेतला, 36व्यावर सॅम मिचेल. दोघांच्या चार-चार प्रीमियरशिप, म्हणजे लीगची अजिंक्यपदं, झाल्या. फ्रीमँटलची अजून एकही नाही.

सुबियाकोचा सोलापूरकर:
दादा, 2001ची गोष्ट अर्धीच सांगितलीत. क्रोड व्हिक्टोरियाचा, तो दोन हंगामांत परत हॉथॉर्नला गेला. मॅकफार्लिन इथला, तो 2015पर्यंत फ्रीमँटललाच खेळला. म्हणजे तुमच्याच उदाहरणात बाहेरचा गेला आणि घरचा टिकला.

मार्टिनचंही तेच. 2009ला तो तिसरा गेला होता. मेलबर्नने पहिल्या दोन क्रमांकांवर टॉम स्कली आणि जॅक ट्रेंगोव्ह घेतले. स्कली दोन वर्षांत सिडनीच्या नव्या जीडब्ल्यूएस क्लबकडे गेला, ट्रेंगोव्हचा पाय दुखावला. आणि तिसऱ्याने रिचमंडला तीन प्रीमियरशिप दिल्या, तिन्ही अंतिम सामन्यांत सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक त्यालाच. ड्राफ्टच्या आधी सगळ्यांना सगळं माहीत असतं, पण मैदानात वेगळंच निघतं.

मला डॅनियल कर्टिन हवाय. इथल्याच, पर्थमधल्या क्लेअरमाँटचा पोरगा, सहा फुटांच्या बराच वर, बचावात उभा राहतो आणि मधल्या फळीतही खेळतो. या वयात सीनियर संघातून मोठ्या माणसांविरुद्ध उतरलाय. तो पहिल्या क्रमांकाचा खेळाडू नाही, हे मान्य. म्हणूनच तर क्रमांक फोडायचा. एक भोक असलेल्या संघाला एक खेळाडू पुरतो. आपल्या संघाची चाळण झालीय.

आर्डन स्ट्रीट:
मी नॉर्थचा, मेलबर्नहून लिहितोय. घरची ओढ म्हणजे काय ते आम्हाला विचारा. 2021ला पहिल्या क्रमांकावर जेसन हॉर्न-फ्रान्सिस घेतला, ॲडिलेडचा. एक हंगाम खेळला आणि पोर्ट ॲडिलेडला गेला. त्या वर्षी माझ्या धाकटीने त्याच्या नंबरची जर्सी घेतली होती. ती अजून कपाटात आहे, घालत नाही.

पण पुढचंही ऐका. तो आणि 2022चा पहिला क्रमांक देऊन आम्ही दुसरा आणि तिसरा घेतला. त्यातून हॅरी शीझेल आणि जॉर्ज वॉर्डलॉ आले. शीझेलने पहिल्याच वर्षी रायझिंग स्टार हा सर्वोत्तम तरुण खेळाडूचा पुरस्कार मिळवला आणि क्लबचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. एकाचे दोन करून आमचं तरी नुकसान झालं नाही. रीड आम्हाला द्या, आमची ना नाही.

लॉन्सेस्टन:
सगळे रीड-रीड करताय. आमच्या टास्मानियाच्या कोल्बी मॅककर्चरचं नावही नाही? यंदा 18 वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेत टास्मानियासकट काही राज्यांचा मिळून बनलेला अलाइज संघ पहिल्यांदाच जिंकला, त्यात हा होता. धावतो कसा, पाहिलंय का कोणी? दुसऱ्या क्रमांकावर जाईल, लिहून ठेवा.

शेपार्टनची आई:
माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, गावच्या क्लबकडून खेळतो. रीडचं गाव टोंगाला इथून जवळच, दूधदुभत्याचा भाग. शनिवारी सकाळी ओव्हलच्या कडेला गाड्या लावून सगळे बसतात, शेजारच्या कोर्टावर मुलींचं नेटबॉल चालू असतं. क्वार्टर झाला की बापमंडळी मैदानात जातात, आम्ही थर्मास उघडतो. या पोरांना लहानपणापासून ओळखणारे शंभर जण तिथे असतात.

आमच्या क्लबातला एक मुलगा दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यातल्या संघात गेला. त्याची आई माझ्या शेजारी बसते. पहिल्या हिवाळ्यात तो रोज रात्री फोन करायचा आणि विचारायचा, आज जेवायला काय केलं? एवढंच. खेळाबद्दल एक शब्द नाही. आई भाजलेलं मटण, बटाटे असं सांगत बसायची आणि फोन ठेवला की रडायची. तो टिकला, कारण ज्या घरात त्याला ठेवलं होतं त्या बाईंनी महिन्याभरात त्याच्या आईला फोन करून तेच बटाटे कसे करायचे ते विचारून घेतलं.

म्हणून मला दोन्ही बाजूंचा राग येतोय. अठरा वर्षांच्या पोराला तुम्ही "पळेल" म्हणताय, जसं काही चोरी करून जाणार आहे. पर्थला येणारच असेल तर माझा प्रश्न एवढाच: ईगल्सचे अनुभवी ल्यूक शूई, शॅनन हर्न, निक नायटानुई तिघेही यंदा निवृत्त झाले. त्या ड्रेसिंग रूममध्ये त्याच्याकडे बघणार कोण?

कॅनिंग व्हेलकर:
ताई, "पळेल" हा शब्द मीही वापरला, चुकलं. तुमच्या प्रश्नाने रात्री झोप लागली नाही. मॅकगव्हर्न आहे, इलियट यो आहे, टिम केली आहे. केलीला तर हे कळायला हवं. तो इथला, पण ड्राफ्टमध्ये व्हिक्टोरियातल्या जीलाँगने घेतला होता, घरासाठीच परत आला. पण तिघे निवृत्त झाल्याची पोकळी आहे, आणि ती तीन नावांनी भरत नाही, हे कबूल.

तरी रीडवर मी ठाम आहे, आणि कारण क्रिस जड. 2001ला आपण तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला मेलबर्नचा पोरगा. तो शेवटी गेलाच, 2007ला, कार्लटनला. पण जाण्याआधी 2004चं ब्राउनलो पदक (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं) आणि कर्णधार म्हणून 2006ची प्रीमियरशिप देऊन गेला. त्याच्या बदल्यात वरच्या क्रमांकांबरोबर जॉश केनेडी आला, तोही इथल्याच, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्थॅम्प्टनचा, घरी परतलेला. आपल्यासाठी सातशेहून जास्त गोल केले त्याने. सहा वर्षं जड मिळणार असेल तर मी तो सौदा आजही करीन.

सुबियाकोचा सोलापूरकर:
जडच्या भोवती बेन कझिन्स होता, डीन कॉक्स होता. तो जमलेल्या संघात वाढला. रीडला पहिल्याच वर्षी सगळा भार उचलावा लागेल, हरल्यावर कॅमेरा त्याच्याच तोंडावर असेल. तुमची आणि माझी आशा त्या एका पोराच्या खांद्यावर टाकायची, हे मला पटत नाही.

आला तर पहिल्या सामन्याला ऑप्टस स्टेडियमवर मी असेन, घसा बसेपर्यंत ओरडेन. पण कर्टिन दुसऱ्या राज्यात गेला, तर दरवर्षी तो इथे पाहुणा म्हणून उतरेल आणि क्लेअरमाँटची माणसं त्याच्यासाठी टाळ्या वाजवतील. त्यातला एक मीही असेन.