शाळेने कुंचला दिला म्हणून शाळेचे आभार?

मृण्मयी_क : काल इथे एकांनी कॅनडातल्या आदिवासी मुलांच्या निवासी शाळांबद्दल लिहिलं, 'जुलूम झाला, मान्य. पण चित्रकार ॲलेक्स जॅन्व्हिएच्या हाती कुंचला तिथेच आला ना? आणि किती वर्षं तेच दुःख रंगवायचं?' वाचून डोकंच फिरलं. डेने या आदिवासी समाजातल्या आठ वर्षांच्या जॅन्व्हिएला घरातून उचलून ब्लू क्विल्सच्या निवासी शाळेत टाकलं. पुढे हाच माणूस चित्रांवर सही म्हणून २८७ लिहायचा. सरकारने दिलेला नंबर! ही आभाराची सही वाटते?

जुना_बोर्डर : तो लेख माझाच. शाळेत त्यांना चित्रकलेचं उत्तेजन मिळालं, हे खोटं आहे का? मीही वसतिगृहात वाढलोय. पहाटे गार पाण्याची अंघोळ, पोळी करपलेली, वर रेक्टरच्या छड्या. आम्ही नाही रडत बसलो.

सुहास_एडमंटन : दादा, तुम्ही दिवाळीत घरी जात होतात आणि आईशी मराठीत बोलत होतात. तिथे स्वतःची भाषा बोलली की मार. दीड लाख मुलं या शाळांतून गेली, हजारो परतलीच नाहीत. तुमच्या छड्या इथे कशाला?

जुना_बोर्डर : माझ्या छड्या तुम्ही मोजायच्या नाहीत. रेक्टरने माझा कान फोडलाय, अजून कमी ऐकू येतं. त्याचं कोणी प्रदर्शन भरवलं नाही!

मृण्मयी_क : कानाचं वाईट वाटलं, मनापासून. मग तुम्हीच लिहा की त्यावर! रॉबर्ट हूल या आदिवासी चित्रकाराने तेच केलं. म्हातारपणी, २००९मध्ये, सँडी बेच्या आपल्या निवासी शाळेच्या आठवणींची २४ चित्रं काढली. त्याला कोणी 'पुरे आता' म्हणायचं का?

सुहास_एडमंटन : आणि 'तेच दुःख' कुठे? कॅनडातल्या गॅटिनो शहराच्या संग्रहालयातल्या घुमटावर जॅन्व्हिएचं 'मॉर्निंग स्टार' बघा, १९९३चं. पिवळ्यात गोरे येण्याआधीचं जगणं, निळ्यात पडझड, लाल भागात पुन्हा उभं राहणं, पांढऱ्यात जखम भरणं. चारातला एक भाग पडझडीचा. आमच्या एडमंटनच्या हॉकी स्टेडियममध्ये त्याचं मोझेक आहे जमिनीवर, त्यात रडगाणं दाखवा मला.

जुना_बोर्डर : बरं, दुःखाचं वाक्य मागे घेतो. पण शिक्षण आदिवासींनाही हवंच होतं, हे तुम्ही टाळताय.

मृण्मयी_क : हवं होतंच! म्हणून तर १९७०मध्ये पालकांनी त्याच ब्लू क्विल्समध्ये ठिय्या दिला आणि शाळा सरकारकडून आपल्या हातात घेतली. आभार मानायचे तर त्या आईबापांचे माना.